अर्धं वाक्य पुढे

श्रावणभाऊ, तुमची तेरवी होऊन गेली आणि माझ्या डोळ्यांतून अजून पाण्याचा टिपूस आलेला नाही.

तुम्हाला नेलं त्या दिवशी सगळे रडले. ऑर्गनवाला रडला, पडदेवाला रडला. गेल्या सीझनला तुमच्याशी भांडून दुसऱ्या कंपनीत गेलेला आपला खलनायक तर असा रडला की त्याला धरायला दोघं लागले. मी आपली पदराचं टोक हातात धरून उभी. बायका माझ्याकडे पाहत होत्या. स्टेजवर पाय ठेवला की गावंच्या गावं रडवणारी ही बाई, आणि आज हिला झालं काय? मलाही तेच विचारायचं होतं, पण विचारणार कोणाला? असल्या वेळी मी ज्याच्याकडे पाहायची तो माणूस तिरडीवर होता.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. तांदूळ निवडायला घेते आणि सूप तसंच ठेवून उठते. झाडलेलं अंगण पुन्हा झाडते. काल तर विहिरीवर गेले आणि बादली घरीच राहिली. आमचे हे म्हणाले, "काय शोधून राह्यली वं तू सकाळपासून?" मी म्हटलं, "काई नाई." खरंच काही शोधत नव्हते. नुसती फिरत होते.

त्यात वडशाची नाटकवाली पोरं आली. तुमच्यावर स्मरणिका काढतात म्हणे. "बाई, दोन पानं लिहून द्या. जन्म, शिक्षण, कारकीर्द, सगळं व्यवस्थित." तुमचा जन्म कधीचा ते मला काय ठाऊक? सिंधूवहिनींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "त्यायच्या मायले ठाऊक होतं, ते तं कईच गेली." शिक्षणाचं तुम्ही दर वेळी वेगळं सांगायचे. कधी सातवी, कधी नववी, आणि कोणी मास्तर भेटला की "मॅट्रिकले गणितानं मारलं." तेव्हा ते सगळं दुसरं कोणी लिहील. मला जे टोचतं आहे ते मी लिहिते. आपलं भांडण अर्धं राहिलं आहे, भाऊ. तुम्ही गेलात म्हणून ते मिटलं असं मी मानत नाही.

मी पहिल्यांदा स्टेजवर उभी राहिले तेव्हा मला एकही वाक्य पाठ नव्हतं. नाटक कंपनीचे मालक म्हणाले, "पाठ कायले कराचं? श्रावण हाय नं." धान कापून घरात आलं की आपल्या झाडीपट्टीत नाटकांचा सीझन लागतो. आज या गावात एक नाटक, उद्या त्या गावात दुसरं, परवा तिसऱ्या गावच्या मंडईच्या जत्रेत तिसरंच. पाठांतराला वेळ कोणाला आहे? रंगमंचाच्या पुढ्यात, वाजवणाऱ्यांच्या शेजारी, मांडीवर नाटक घेऊन प्रॉम्प्टर बसतो. तो वाक्य सांगतो, नट ते उचलतो आणि आपलं करून बोलतो. प्रेक्षकांना तो दिसतो, पुढच्या रांगांना ऐकूही येतो, आणि कोणाचं काही बिघडत नाही. शहरातल्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. हसू दे. त्यानं एकदा तुमच्यासमोर उभं राहायला हवं होतं.

कारण तुम्ही आमच्या बरोबरीनं बोलत नव्हता, आणि मागून तर कधीच नाही. तुम्ही कायम अर्धं वाक्य पुढे. पहिला अर्धा भाग माझ्या तोंडात असायचा तेव्हा दुसरा माझ्या कानात आलेला असायचा. मी विचार करायच्या आत मला शब्द मिळायचे. पुढं काय येणार हे मला माहीत नसायचं, पण काहीतरी येणार हे पक्कं असायचं. नव्या पोरांना तुम्ही एकच गोष्ट शिकवायचे: "प्रॉम्प्टर मांगं राह्यला तं तो प्रॉम्प्टर नाई, पब्लिक होय." इतक्या वर्षांत तुम्ही एकदाही मागे राहिला नाहीत. ताप असायचा, खोकला असायचा, एकदा मांडीवरच्या नाटकाची पानं वाऱ्यानं उडाली होती, तरी नाही.

आणि तो महाराजांचा प्रसंग! भर दरबारात आपल्या महाराजांचं धोतर सुटायला लागलं. बिचारा दोन्ही हातांनी तलवार उगारून उभा. त्याला वाक्य सुचेना, हात खाली घेता येईना. तुम्ही माइकला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "महाराज, आंधी राज्य सांभाळा!" पब्लिक असं हसलं की मंडप हलला. त्या हशाच्या आडून महाराजांनी धोतर खोचलं, पाठ वळवली, डोळे पुसले आणि पुढचं वाक्य घेतलं. लोकांना वाटलं नाटकातच आहे. पुढच्या गावी नाटक लावणाऱ्या मंडळानं तर "तो धोतराचा जोक ठेवजा" असं बजावून सांगितलं. आम्ही महाराजांना महिनाभर "राज्य सांभाळा" म्हणून चिडवत होतो. त्यांनी डोळे का पुसले हे तेव्हा कोणी विचारलं नाही. त्यांची म्हातारी आई त्या आठवड्यात गेली होती, आणि सुट्टी मागितली असती तर नाटक पडलं असतं.

माझी पिंकी गेली तो पावसाळा त्यानंतरचा. चार वर्षांची होती. रात्रभर अंग तापलं होतं, नाल्याला पूर होता, पलीकडे जायला वाट नव्हती. पहाटे अंग गार लागलं. मला वाटलं ताप उतरला. मी चूल पेटवली, तिच्यासाठी पेज टाकली. उजाडल्यावर उठवायला गेले तर ती उठलीच नाही. एवढंच. यापेक्षा जास्त मी कोणाला सांगितलं नाही, आजही सांगणार नाही.

मी रडले नाही. घरी सासूबाई रडत होत्या, हे रडत होते, आणि कोणीतरी भात शिजवायला हवा होता. दिवाळीनंतर सीझन लागला आणि मी निघाले. लोक काय बोलले ते माझ्या कानावर आलं. स्टेजवर मी रोज रडायची, पण ते दुसऱ्या बायांचं रडणं होतं. कंपनीतल्या बायांनी जवळ घेतलं, मालकानं "देवाची मर्जी" म्हटलं. तुम्ही एक शब्द विचारला नाही, भाऊ. हे मला फार लागलं होतं. मी मनात म्हटलं, या माणसाला नाटकातली वाक्यं तेवढी येतात.

वरून तुम्ही माझा अंगाईचा प्रवेश कापायला लागलात. त्या साली माझ्या वाट्याला तोच एक चांगला प्रवेश होता, पाळणा हलवत गाणं म्हणायचं, मग मोठं भाषण. पहिल्या गावात तुम्ही सरळ दोन पानं उलटलीत आणि पुढच्या प्रवेशाचं वाक्य दिलंत. मी काय करणार? तुम्ही द्याल तेच मला बोलायचं. दुसऱ्या गावातही तेच, तिसऱ्यातही तेच. मी गाडीत तुमच्यावर तुटून पडले होते, आठवतं?

"माहा सीन काऊन खाऊन राह्यले तुमी रोज?"

"टाइम नाई भेटत, शालू. पब्लिक डान्सची वाट पाहून राह्यली."

"पब्लिकच्या नावानं सांगू नका. तुमाले माहं चांगलं झालेलं पाह्यवत नाई."

"बरं," तुम्ही म्हणालात आणि खिडकीबाहेर पाहायला लागलात. तुमचं ते "बरं" मला अजून सहन होत नाही. भांडायला आलेल्या माणसाला तुम्ही भांडूच द्यायचे नाहीत.

मग दोन वर्षांनी आला राजू केबलवाला. कुरखेड्यात त्याचं केबल, आणि केबलवर एक त्याचं स्वतःचं चॅनेल, ज्यावर लग्नाच्या कॅसेटी आणि हार्डवेअरच्या जाहिराती चालायच्या. त्याच्या डोक्यात आलं की आपण मालिका काढू, घरगुती, विनोदी, दर रविवारी. नाव ठेवलं ‘इस्कोट’. उन्हाळ्यात आपल्याला काम नसतंच. तुम्ही तळ्यावर जाळी दुरुस्त करत बसायचे, मी जंगलात तेंदूपानं तोडायला जायची. राजू म्हणाला, "नट तयार हायेत, घर माह्या काकाचं हाये, कॅमेरा लग्नाचा हाये. आता अजून काय पाह्यजे?" खलनायक माझा नवरा झाला, मी गोदाबाई झाले, आणि तुम्ही कॅमेऱ्याच्या मागं जमिनीवर मांडी घालून बसलात. कारण पाठ करायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

पहिला भाग लागला आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं. आधी हळू आवाजात तुमचं, मग मोठ्यानं आमचं. कॅमेऱ्याचा माइक सगळं उचलत होता. राजूनं वर गाणी टाकून पाहिली, तर आमचंही बोलणं गेलं. एका मास्तरांनी त्याला बाजारात गाठून विचारलं, "त्या घरात कोणी पुटपुटते काय रे?" राजू मोठा बेरकी. पुढच्या भागात त्यानं कथेतच टाकून दिलं की गोदाबाईचा मेलेला सासरा घर सोडून गेला नाही, तो कोपऱ्यात बसून सगळ्यांना काय बोलायचं ते सांगत असतो. लोकांना ते इतकं आवडलं की तुम्हाला रस्त्यात "कसं हाय, सासरेबुवा?" असं विचारायला लागले. तुम्ही मान डोलवायचे आणि म्हणायचे, "मेलो हावो, बाकी बरं हाय." ते वाक्य काल मला आठवलं आणि मी सूप ठेवून उठले.

त्या साली टीव्हीवर जिकडे तिकडे गाण्याच्या स्पर्धा. गाणं थोडं आणि रडणं फार. परीक्षक रडतात, गाणारा रडतो, त्याची आई खुर्चीत बसून रडते, आणि खाली लिहून येतं की एसेमेस करा. आमच्या गावात वीज असेल तेव्हा सगळी गल्ली एका घरात जमून पाहायची. राजूनं त्याचीच नक्कल करायची ठरवली. ‘गावचा गळा’ असं त्या स्पर्धेचं नाव. डेकोरेशनवाल्याकडून नवरा-नवरीचा लाल सोफा आणला, त्यावर तीन परीक्षक बसवले. एक परीक्षक कशावरही रडायचा, चहा आला तरी रडायचा. दुसरा शिव्याच द्यायचा. तिसरी बाई दर गाण्याला "तुमी तं आज आग लावली" म्हणायची, आणि ती असं म्हणाली की मागून एक माणूस पाण्याची बादली घेऊन धावत यायचा. निवेदक अर्धं वाक्य बोलून "भेटूया ब्रेकनंतर" म्हणायचा. एसेमेसला पैसे लागतात म्हणून मत द्यायचं ते मिस कॉल मारून. आणि निकाल सांगायच्या वेळी लाइन जायची, म्हणजे निकाल कोणालाच कळणार नाही. हे शेवटचं तुमचं डोकं होतं. राजू म्हणाला, "भाऊ, याच्यावर हसतीन काय?" तुम्ही म्हणालात, "लोडशेडिंगवर आपन नाई हसाचं तं कोन हसन?"

शूटिंग भर दुपारी, काकाच्या अंगणात, आणि बघायला सारा मोहल्ला. मला माझा सीन माहीत नव्हता. राजूनं तो सकाळी लिहिला होता आणि थेट तुमच्या मांडीवर ठेवला होता. तुम्ही तो आधी वाचला होता की नाही हे मला कधी कळलं नाही. तो ‘दुःखाचा राउंड’ होता. गाणं म्हणायच्या आधी प्रत्येकानं आपलं दुःख सांगायचं. आधी एक गडी आला. निवेदकानं विचारलं, "तुमच्या घरी वाईट काय झालं?" तो म्हणाला, "काईच नाई झालं, देवाच्या दयेनं सगळं बरं हाये." शिव्या देणारा परीक्षक ओरडला, "मंग इथी कायले आला बे?" आणि त्याला बाहेर काढलं. अंगण हसून लोटपोट.

मग मी. गोदाबाईचं दुःख म्हणजे तिची कोंबडी मेली. तुम्ही शब्द दिलेत, मी उचलले. माही कोंबडी बहुत गुणाची. माह्या मांगं मांगं फिरे. माह्या हातचे दाणे खाये. लोक हसत होते. रडका परीक्षक नाक पुसत होता. मग ते वाक्य आलं. सकाळी खुराडं उघडलं तं ती उठलीच नाई.

त्यानंतरचं माझ्या आठवणीत असं आहे. वाक्य म्हटल्यावर माझ्या डोक्यात काहीच उरलं नाही. मी तुमच्याकडे पाहिलं, आणि तुम्ही पुढचं वाक्य द्यायच्या ऐवजी मोठ्यानं म्हणालात, "रड, बाई, रड! अजून रड, वोट भेटते!" सारं अंगण फुटलं. पोरं खाली लोळली. आणि मी त्या हसणाऱ्या लोकांसमोर, त्या लाल सोफ्यासमोर, हुंदके देऊन रडले. मला आठवतं ते असं. तुम्ही रड म्हणालात, लोक हसले, मला रडू फुटलं. राजू कॅमेऱ्याला चिकटून होता. "एक नंबर," तो म्हणाला, "काय अॅक्टिंग केली बाईनं!"

तो भाग राजूनं तीनदा दाखवला. मी एकदाही पाहिला नाही. पाहायची गरजच नव्हती, कारण बाजारात मी दिसले की कोणीतरी ओरडायचंच, "रड, बाई, रड!" एस्टीत, पीठगिरणीत, दवाखान्याच्या ओट्यावर. एका लग्नात नवरी सासरी निघाली तेव्हा तिच्या मामानं तिला हेच म्हटलं, आणि नवरी हसली. मी मात्र प्रत्येक वेळी आतून पेटायची. जे मी घरात केलं नव्हतं, पिंकीच्या आजीसमोर केलं नव्हतं, ते तुम्ही माझ्याकडून भर चौकात करवून घेतलंत, आणि कशासाठी? एका हशासाठी.

पुढच्या सीझनला मी दुसऱ्या कंपनीत गेले. त्यांचा प्रॉम्प्टर चांगला होता, पण तो बरोबरीनं बोलायचा. मी पूर्ण सीझन अडखळत काढला आणि परत आले. तुम्ही काही विचारलं नाहीत, मांडीवरच्या नाटकाचं पान उघडलंत आणि पहिलं वाक्य दिलंत. मी ते घेतलं. पण भांडण सोडलं नाही. गाडीत, मेकअपला बसल्यावर, जेवताना, मी तेच काढायची. आणि तुमचं उत्तर ठरलेलं: "चूक झाली, शालू. सवय हाय जिभेची. निंगून गेलं तोंडातून." मला ते पटायचं नाही. दुसऱ्याच्या तोंडातून निघून जाईल. तुमच्या तोंडातून कधी न ठरवता एक अक्षर निघालं होतं?

आपली शेवटची भेट कुरखेड्याच्या आठवडी बाजारातली. तुम्ही मासोळ्या घेऊन बसला होता. मला पाहून पाटीतल्या सगळ्यांत चांगल्या निवडायला लागलात.

"मासोळी नंतर," मी म्हटलं. "आंधी खरं सांगा. मुद्दाम केलं का नाई?"

"चूक झाली म्हनतो नं."

"चूक नाई. मुद्दाम केलं तुमी."

तुम्ही वर पाहिलंत. "बरं. मुद्दाम केलं."

इतकी वर्षं मला हेच ऐकायचं होतं, आणि ऐकल्यावर मला आणखी राग आला. वाटलं, हा माणूस पुन्हा मला भांडू देत नाही, तोंड बंद करायला हो म्हणतो. मी विचारलं, "काऊन? मी काय वाकडं केलं होतं तुमचं?"

तुम्ही मासोळ्या पानात बांधल्यात. "तू तो भाग पायला काय कई?"

"मी काऊन पाहू? माही बेइज्जती मीच पाहू?"

"एकदा पाय. मंग ये भांडाले." 

पुडकं हातात ठेवून तुम्ही दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलात. मी पुडकं घेऊन तरातरा निघाले. मासोळी मात्र फार चांगली होती. हे ह्यांना सांगितलं, तुम्हाला सांगायचं राहिलं. आठवड्याभरानं निरोप आला की तुम्ही जेवायला बसलात आणि तिथेच कलंडलात.

इथवर काल लिहून ठेवलं होतं. तेरवीला मी माझा मोठा गंज दिला होता, भात शिजवायचं पातेलं. आज तो आणायला तुमच्या घरी गेले. खरं तर गंज निमित्त होता. घरात जीव रमत नव्हता. वहिनी, तुमची मोठी सून आणि दोन-तीन शेजारणी टीव्हीसमोर बसल्या होत्या. राजूनं ‘इस्कोट’ची सीडी आणून दिली होती. तुमचा एकही फोटो धड नाही, मंडळवाल्या पोरांनी हारासाठी मागितला तर लग्नातल्या पंगतीतला कापून द्यावा लागला. पण आवाज आहे. वहिनी म्हणाल्या, "ये वं, बस. सासरेबुवा बोलून राह्यले." आणि पदर तोंडाला लावून हसल्या. मी दारातूनच परतणार होते, कारण पडद्यावर लाल सोफा होता. पण वहिनींनी हात धरला आणि मी बसले.

बादली घेऊन धावणारा माणूस आला. दुःख नसलेला गडी आला. बाया हसल्या. मग मी आले, जरीच्या साडीत, चार वर्षांनी लहान. माझ्या आधी तुमचा आवाज यायचा, हळू, मग माझा. माही कोंबडी बहुत गुणाची. माह्या मांगं मांगं फिरे. तुम्ही अर्धं वाक्य पुढे, मी मागे. मला ती लय अंगात आठवली. माझे ओठ हलायला लागले असतील, कारण सून माझ्याकडे पाहत होती.

तुमचा आवाज म्हणाला, "सकाळी खुराडं उघडलं तं..."

आणि थांबला.

तुम्ही थांबलात, भाऊ. पुढचं दिलंच नाहीत. तुमच्या मांडीवरच्या कागदावर ते लिहिलेलं होतं, तुम्हाला ते दिसत होतं, आणि तुम्ही ते गिळलंत. पडद्यावर मी क्षणभर तशीच उभी आहे. मग मी म्हणते, "ती उठलीच नाई." कोणी सांगितलेलं नाही. ते वाक्य मी माझ्याच मनानं बोलले.

आणि मग मी रडायला लागते. तुम्ही अजून गप्पच आहात. अंगण गप्प आहे. परीक्षक नाक पुसायचं विसरून माझ्याकडे पाहतो आहे, निवेदकानं माइक खाली घेतला आहे. एक बाई गर्दीतून पुढे यायला निघाली आहे, तिला कळलं असावं. अजून थोडा वेळ असाच गेला असता तर सगळ्यांनाच कळलं असतं. सगळ्यांनी मला घेरलं असतं, आणि पिंकी त्या अंगणात, त्या सोफ्यासमोर, लोकांच्या तोंडी गेली असती. तेवढ्यात तुमचा आवाज येतो, चांगला माइकला ऐकू जाईल असा. "रड, बाई, रड! अजून रड, वोट भेटते!" अंगण फुटतं. ती पुढे निघालेली बाई हसत मागे फिरते. त्या हशाच्या आडून मी पाठ वळवते आणि पदरानं डोळे पुसते.

"मांगं घे," मी सुनेला म्हटलं. तिनं घेतलं. पुन्हा तेच. आधी माझं रडणं, मग तुमचं "रड". जन्मात कधी मागे न राहिलेला माणूस त्या दिवशी मागे राहिला होता, आणि इतकी वर्षं मी उलटं आठवत होते.

अंगाईचा प्रवेशही तिथेच बसल्या बसल्या आठवला. दोन पानं, प्रत्येक गावात, सबंध सीझनभर. "पब्लिक डान्सची वाट पाहून राह्यली" म्हणे. आणि मी गाडीत तुम्हाला काय काय बोलले, ते तुम्ही खिडकीबाहेर पाहत ऐकून घेतलंत. विचारलं नाहीत म्हणून मी रुसले होते. तुम्ही विचारलं असतं तर मला सांगावं लागलं असतं. बाजारात तर तुम्ही खरंच सांगून टाकलं होतं, मुद्दाम केलं म्हणून, आणि मला तेही कळलं नाही. आता भांडायला यायचं तर कुठे येऊ? मला भांडायचंच आहे. विचारायचं आहे की एवढी वर्षं बोलणी खायची काय गरज होती, एकदा कोपऱ्यात घेऊन सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं. तुम्ही "बरं" म्हणाला असता, मला माहीत आहे.

सून म्हणाली, "काकू, अजून एकदा लावू काय?" मी मानेनंच हो म्हटलं. या खेपेला मी पडद्याकडे पाहिलं नाही. मांडीवरच्या रिकाम्या गंजाकडे पाहत बसले. कोरडे डोळे घेऊन, इतके दिवस होते तशी. माझं पडद्यावरचं रडणं कानावर आलं, पण ते त्या दिवसाचं होतं. आज मी काहीच करत नव्हते. कोणी काही देईल म्हणून नुसती थांबले होते.

तुमचा आवाज आला. "रड, बाई, रड."

आणि मग मी रडले. गंजावर डोकं ठेवून, वहिनींनी पाठीवर हात ठेवेपर्यंत आणि त्यानंतरही, तुमच्यासाठी आणि पिंकीसाठी, दोघांचं एकदमच. आज तुम्ही मागे नव्हतात, भाऊ. आज तुम्ही पुढे होतात.